पडद्याची संगत

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील भेटायला आले. मिरजेतल्या सतारी बनवणाऱ्या कुटुंबातले हे गृहस्थ. भोपळा पारखायचा, दांडी बसवायची, तारा चढवायच्या, जवारी काढायची, यातच त्यांची हयात गेली. सलाम-दुआ झाली, चहा आला. पण त्यांचे चहाकडे लक्ष नव्हते.

"सर, पोरगं हातातनं गेलं," ते म्हणाले. "आठ वर्षं उस्तादांकडं सतार शिकला. आता दिवसभर कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढं बसतोय. म्हणतो, सिनेमाला पार्श्वसंगीत देणार. आम्ही सतारीला पडदे बांधणारी माणसं, आन् ह्यो दुसऱ्याच पडद्याच्या मागं लागलाय. उस्तादांनी महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलंय. आठ वर्षांची तालीम पाण्यात गेली का, तेवढं सांगा."

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. सुरांतले आम्हाला कानापुरतेच कळते. त्यामुळे लगेच काही बोललो नाही, थोडे दिवस मागून घेतले. त्या दिवसांत जुनी पुस्तके चाळली, काही चित्रपट घरच्यांसोबत बसून पुन्हा पाहिले. जे हाती लागले ते त्या वडिलांना सांगितले. तेच आज वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण असा प्रश्न आज अनेक घरांत आहे. संगीताबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत, हे आम्ही जाणतो. त्या वादात इथे शिरायचे नाही. आपल्या समाजातल्या कित्येक कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या ही विद्या जपली आणि त्यावर हलालाची भाकरी खाल्ली. प्रश्न त्यांच्या मुलांचा आहे.

दोन नावांचे उस्ताद

पहिले नाव आठवले ते उस्ताद अल्लारखाँ यांचे. १९१९ साली जम्मूजवळच्या घगवाल गावी जन्मलेले, पंजाब घराण्याचे हे तबलावादक पुढे मुंबईला आले आणि आकाशवाणीवर वाजवू लागले. जगाला ते पंडित रविशंकर यांचे तबलासाथीदार म्हणून ठाऊक आहेत. पण १९५० च्या 'सबक' किंवा १९५२ च्या 'बेवफा' या चित्रपटाची श्रेयनामावली पाहिली तर संगीतकार म्हणून नाव दिसते ए. आर. कुरैशी. हे कुरैशी म्हणजेच अल्लारखाँ. मैफलीत एक नाव, चित्रपटात दुसरे.

त्या काळी शास्त्रीय संगीताच्या दुनियेत चित्रपटाचे काम कमी प्रतीचे समजले जाई. संस्थाने विलीन झाली, दरबार उठले, जहागीरदारांची दिवाणखान्यातली बैठक बंद झाली. ज्या घराण्यांचा रोजगार त्या आश्रयावर चाले, त्यांच्यापुढे आकाशवाणी, ग्रामोफोन कंपनी, शिकवण्या आणि चित्रपट एवढेच रस्ते उरले. सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचे उदाहरण घ्या. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे हे चिरंजीव जोधपूर दरबारी होते. दरबार संपला, ते मुंबईला आले आणि १९५२ साली चेतन आनंद यांच्या 'आंधियाँ' चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. पुढे बंगालीत तपन सिन्हा यांचा 'क्षुधित पाषाण' आणि सत्यजित राय यांचा 'देवी' हे चित्रपटही त्यांनी केले. म्हणून काही त्यांची उस्तादी उणावली नाही. १९८९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि कॅलिफोर्नियात त्यांनी काढलेल्या विद्यालयात परदेशी मुलांच्या कित्येक तुकड्या सरोद शिकल्या.

म्हणजे उस्तादांनी चित्रपटाकडे वळणे ही आजची गोष्ट नव्हे. प्रश्न इतकाच, की तिथे गेल्यावर त्यांच्या तालमीचे काय होते? याचे उत्तर आम्हाला दोन माणसांच्या कामात सापडले. एक सतारिये, दुसरे तबलजी.

जलसाघरातला मतभेद

उस्ताद विलायत खाँ यांचा जन्म १९२८ साली आज बांगलादेशात असलेल्या गौरीपूरचा. वडील इनायत खाँ तिथल्या जमीनदारांच्या पदरी होते. विलायत खाँ दहा वर्षांचे असताना वडील वारले. पुढची तालीम चुलते वहीद खाँ आणि आईकडचे आजोबा बंदे हसन खाँ यांच्याकडे झाली. आजोबा गवई होते. गळ्यातून निघणारी मींड सतारीच्या तारेतून काढायची, हा ध्यास खाँसाहेबांनी जन्मभर जपला. सतार गाते, असे लोक म्हणू लागले ते त्यांच्यामुळे.

१९५८ साली सत्यजित राय यांनी 'जलसाघर' काढला तेव्हा संगीत सोपवले विलायत खाँ यांच्याकडे. ताराशंकर बंदोपाध्याय यांच्या कथेवरचा हा चित्रपट. विश्वंभर राय नावाचा बुडत चाललेला जमीनदार उरलेसुरले द्रव्य जलशांवर उधळतो, एवढीच गोष्ट. चित्रपटात बेगम अख्तर गातात, रोशन कुमारी कथ्थक नाचतात, बिस्मिल्ला खाँ यांची सनई आणि वहीद खाँ यांचा सूरबहार आहे. असा साज क्वचितच जमून येतो.

तरीही दिग्दर्शक पुरते समाधानी नव्हते. राय यांनीच पुढे सांगितले आहे, की त्यांना त्या जमीनदाराकडे थोड्या तिरकस नजरेने पाहायचे होते. माणसाचा पोकळ अभिमान दाखवायचा होता. विलायत खाँ यांच्या मुख्य धुनेत मात्र त्या खानदानी वैभवाबद्दल जिव्हाळा होता, हळहळ होती. यात नवल नाही. ज्यांच्या वडिलांना अशाच एका घराने आश्रय दिला, ज्यांचा जन्मच तिथे झाला, त्यांच्या बोटांतून त्या घराची चेष्टा कशी उमटावी? कलावंत म्हणून खाँसाहेब प्रामाणिक होते. पण चित्रपटाला जे म्हणायचे होते त्यापेक्षा वेगळे काही त्यांची सतार बोलून गेली.

राय यांनी रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर खाँ अशा तिघा दिग्गजांबरोबर काम केले. 'पथेर पांचाली'चे संगीत रविशंकर यांनी एका रात्रीच्या बैठकीत, सुमारे अकरा तासांत पुरे केले होते. देशोदेशींचे कार्यक्रम सांभाळणाऱ्या वादकाला त्याहून जास्त वेळ मिळणेच कठीण. अखेर १९६१ च्या 'तीन कन्या'पासून राय आपल्या चित्रपटांचे संगीत स्वतःच करू लागले. त्यांना मैफलीचे वादक कमी वाटत होते असे नाही. चित्रपटाला काय हवे आणि वादकाला काय वाजवावेसे वाटते, यातले अंतर त्यांना जाणवत होते.

हे वाचल्यावर आमच्या मनात आले, की मिरजेच्या त्या उस्तादांची धास्ती खोटी नाही. एकट्याने मैफल गाजवायला शिकलेला माणूस मुख्य असतो. सारे त्याच्या मागून चालतात. चित्रपटात त्याला दुसऱ्याच्या मागून चालावे लागते. मग हे ज्याला जमले, त्याला कशामुळे जमले?

संगत करणारा माणूस

उस्ताद झाकिर हुसेन हे अल्लारखाँ यांचे चिरंजीव. जन्म ९ मार्च १९५१ चा, मुंबईचा. लहानपण माहीमला गेले, शाळा सेंट मायकेल, कॉलेज सेंट झेवियर्स. तान्ह्या झाकिरला घरी आणले तेव्हा वडिलांनी कानात दुआ म्हणण्याच्या जागी तबल्याचे बोल म्हटले आणि आई रागावल्या, ही आठवण त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. मुलाने तबलजी व्हावे असे आईला वाटत नव्हते. त्याने शिकावे, चांगली नोकरी धरावी ही तिची इच्छा. त्या काळात वाजवणाऱ्याला मान कमी आणि बिदागी त्याहून कमी, हे तिने घरातच पाहिले होते. वाचकांपैकी कितीतरी मातांना यात आपलाच चेहरा दिसेल.

लोकांनी झाकिरभाईंना पाहिले ते टाळ्यांच्या कडकडाटात, केस उडवत वाजवताना. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग संगतीत गेला. सतार, सरोद, संतूर, बासरी, सारंगी, कथ्थक; कोणाच्या शेजारी बसून त्यांनी वाजवले नाही? संगतकाराचे काम अवघड असते. मुख्य कलावंत आलाप करतो तेव्हा त्याने हात मांडीवर ठेवून ऐकायचे. बंदिश सुरू झाली की ठेका धरायचा, आणि तोही असा, की गाणाऱ्याला आधार वाटावा, अडसर वाटू नये. कुठे भरायचे, कुठे मोकळे सोडायचे, पुढचा माणूस कोणत्या वळणावर जाणार हे आधीच ओळखायचे. आपली करामत दाखवायला जागा मिळालीच, तर तेवढ्यापुरती दाखवून पुन्हा ठेक्यावर यायचे.

पार्श्वसंगीत म्हणजे याहून वेगळे काय असते? इथे मुख्य कलावंत म्हणजे पडद्यावरचे दृश्य. संगीतकाराने त्याची संगत करायची.

'मुहाफिज' आणि 'मिस्टर अँड मिसेस अय्यर'

झाकिरभाईंनी १९८३ च्या 'हीट अँड डस्ट' या जेम्स आयव्हरी यांच्या चित्रपटात संगीताच्या कामात हात घातला आणि त्यात भूमिकाही केली. मुंबईत जन्मलेले इस्माईल मर्चंट हे त्याचे निर्माते. पुढे मर्चंट स्वतः दिग्दर्शनाकडे वळले आणि अनिता देसाई यांच्या कादंबरीवर त्यांनी 'मुहाफिज' काढला. त्याचे संगीत झाकिर हुसेन आणि सारंगिये उस्ताद सुलतान खाँ यांनी मिळून केले.

उर्दू शिकवणाऱ्याने हा चित्रपट पाहावाच. देवेन नावाचा हिंदीचा प्राध्यापक, पण जीव उर्दूवर. भोपाळच्या नूर या थोर शायराची मुलाखत ध्वनिमुद्रित करायला तो जातो. ओम पुरी झालेत देवेन आणि शशी कपूर झालेत नूर. शायर म्हातारा, देह सुटलेला, भोवती खुशमस्कऱ्यांचा गराडा, घरात दोन बायकांची भांडणे. नूरच्या तोंडी जी शायरी आहे ती फैज अहमद फैज यांची. देवेनची सगळी धडपड एका भाषेचा सूर पट्टीवर जपून ठेवण्यासाठी चालते आणि प्रत्येक वेळी काहीतरी बिघडते. अशा कथेत संगीत पुढे पुढे करू लागले तर शायर मागे पडेल. इथे शब्द मोठा आहे, म्हणून सुरांनी अदब राखायची. ती राखली आहे. आमच्या घरी चित्रपट संपल्यावर धून कोणी गुणगुणली नाही, पण मुलीने विचारले, "अब्बा, फैज कोण होते?" संगीताचे काम झाले होते.

१९९९ साली मल्याळी 'वानप्रस्थम' आला. कथकली नटाच्या जीवनावरचा शाजी करुण यांचा हा चित्रपट, मोहनलाल यांची भूमिका आणि संगीत झाकिरभाईंचे. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कथकलीचे चेंडा आणि मद्दलम तबल्याच्या घराण्यातले नव्हेत. मुंबईत वाढलेल्या पंजाब घराण्याच्या माणसाला ते परके. परक्याच्या घरी जाऊन त्याच्या रीतीने बसता येणे, हीही संगतच.

आणि मग २००२ चा 'मिस्टर अँड मिसेस अय्यर'. अपर्णा सेन यांचा हा चित्रपट आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. बस दंगलीत अडकते. मीनाक्षी अय्यर ही तान्हे मूल कडेवर घेतलेली तमिळ ब्राह्मण बाई. शेजारचा प्रवासी राजा म्हणजे जहांगीर चौधरी आहे, हे तिला नुकतेच कळले आहे आणि तिला त्याचा विटाळही वाटला आहे. जमाव बसमध्ये शिरतो, एका वृद्ध मुस्लिम जोडप्याला खाली ओढून नेतो आणि नावे विचारत पुढे येतो. त्या क्षणी ती सांगते, की आम्ही अय्यर पती-पत्नी आहोत.

अशा प्रसंगाला संगीत देणे म्हणजे परीक्षा. ढोलताशे बडवून भीती वाढवता येते, व्हायोलिनचा पूर आणून डोळ्यांत पाणी काढता येते. पण जे घडते आहे तेच इतके भारी आहे, की त्यावर आणखी ओझे घालणे म्हणजे त्या माणसांचा अपमान ठरेल. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या तबलजीने संगीत दिलेल्या या चित्रपटात तबल्याचे प्रदर्शन कुठे नाही. आमच्या मते ही त्यांच्या हुनरातली मोठी गोष्ट होती. एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळवणारा हा माणूस, जिथे हात मांडीवर ठेवायचा तिथे ठेवत होता. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या बोटांच्या वेगाबद्दल लिहिले, ते खरेच होते. त्यांच्या थांबण्याबद्दलही कोणी लिहायला हवे होते.

कागदावरचा हिशेब

ठरल्या दिवशी ते वडील मुलाला घेऊन घरी आले. आम्ही मुलाला विचारले, "तू नेमके काय करतोस ते अब्बांना दाखव." त्याच्या मित्रांनी आठ मिनिटांचा लघुपट केला होता. त्यात एक दृश्य होते: म्हातारी बाई एस.टी.च्या थांब्यावर वाट पाहते, गाडी येते आणि न थांबता निघून जाते. दृश्य चाळीस सेकंदांचे. गाडी निघून जाते त्याच क्षणी सूर थांबला पाहिजे, असे दिग्दर्शकाने सांगितलेले.

मुलाने कागद घेतला. तीनतालाच्या सोळा मात्रा. मिनिटाला साठ मात्रांची लय धरली तर एक आवर्तन सोळा सेकंदांत होते. चाळीस सेकंदांत अडीच आवर्तने. म्हणजे गाडी जाते तेव्हा आपण आवर्तनाच्या मधोमध लटकलेले. मग लय थोडी वाढवली. मिनिटाला बहात्तर मात्रा केल्या. आता चाळीस सेकंदांत अठ्ठेचाळीस मात्रा, म्हणजे बरोबर तीन आवर्तने. गाडी अंतर्धान पावते तिथे नेमकी सम येते. तिहाई समेवर यावी म्हणून वादक उलटा हिशेब करून ती कुठून उचलायची ते ठरवतो, तसाच हा हिशेब.

"आणि समेवर काय वाजवलंस?" वडिलांनी विचारले.

"काहीच नाही, अब्बा. सम मोकळी सोडली."

वडील बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. समेचा अंदाज त्यांनाही होता. जन्म तारांशेजारी गेलेला. मग ते म्हणाले, "ह्ये उस्तादांनी शिकवलं तुला?"

"मोजायला त्यांनी शिकवलं."

आमच्या मते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आले होते. तालीम पाण्यात जात नाही, मात्र तिला दुसरे काम शिकावे लागते. मैफलीत राग फुलवायला तास मिळतो, इथे चाळीस सेकंद. मैफलीत श्रोता तुमच्यासाठी येतो, इथे तो गोष्टीसाठी येतो. ज्याला केवळ आपले वादन ऐकवायचे आहे, त्याने मैफलीतच राहावे. त्यात कमीपणा नाही. ज्याला दुसऱ्याची गोष्ट सांगायला मदत करायची आहे, त्याने इकडे यावे. त्यातही कमीपणा नाही.

पालकांसाठी

असे मूल तुमच्या घरात असेल तर काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, रियाज सुटू देऊ नका. कॉम्प्युटरमध्ये सतारीचा तयार आवाज मिळतो. पण मींड किती ओढायची हे बोटांना ठाऊक असावे लागते. रोज फजरनंतरचा एक तास वाद्यासाठी राखला, तर दिवसाचे काम त्यावर उभे राहते.

दुसरी, शिक्षण पुरे करू द्या. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये आणि कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत ध्वनिमुद्रणाचे रीतसर शिक्षण मिळते. चित्रपटाचा ध्वनी कसा बांधतात, संवादाखाली कोणते वाद्य चालते आणि कोणते शब्दाला झाकते, हे कळलेला संगीतकार वेगळाच असतो.

तिसरी, व्यवहार कागदावर करा. जुन्या उस्तादांनी तोंडी शब्दावर काम केले आणि त्यांच्या मुलाबाळांच्या हाती काही लागले नाही, अशी उदाहरणे पुष्कळ. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहातला खेळ सोडून इतरत्र ते संगीत वापरले गेले, तर रॉयल्टीत संगीतकाराचा समान वाटा राहतो आणि तो हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. सही करण्यापूर्वी करार वाचा, मुलाला वाचायला लावा. श्रेयनामावलीत नाव कसे येणार तेही आधी ठरवा.

आणि शेवटची. उस्तादांशी नाते तोडू देऊ नका. चित्रपटाकडे जाणारा मुलगा उस्तादांना अनेकदा पळून गेलेला वाटतो. त्याने लपून जाऊ नये, सांगून जावे. अल्लारखाँ यांच्या पिढीत दोन नावे होती. आमच्या विद्यार्थ्याला तरी दुसरे नाव घेण्याची पाळी येऊ नये.

त्या संध्याकाळी बापलेक आमच्या घरून सरळ उस्तादांकडे गेले. पुढचे वडिलांनी फोनवर सांगितले. उस्तादांनी लघुपट पाहिला. काही बोलले नाहीत. पुन्हा लावायला सांगितला आणि या वेळी डोळे मिटून, गुडघ्यावर बोटांनी मात्रा मोजत ऐकला. गाडी गेली, सूर थांबला, त्यांचे बोट समेवर पडले. मग त्यांनी सतारीचा गवसणीचा गाठोडा मुलाकडे सरकवला आणि म्हणाले, "दुसरी तार उतरलीय बघ. लाव."